अट्रॅक्टाच्या गाडीचा चाकगुण

माणसाला पायगुण असतो, तसा अट्रॅक्टा गिलरॉयच्या गाडीला चाकगुण होता.

गाडी तशी गरीब. लिंबाच्या रंगाची, चणीने लहान, पाठीवर एक जुना ओरखडा. पण कॅरोमॉइल गावात ती ज्या फाटकासमोर थांबे त्या घरी दिवेलागणीच्या आत तीन ॲपल टार्ट, दोन ताटं हॅम सँडविच आणि फादरांच्या सहीचं एक प्रार्थनेचं कार्ड येऊन पडे. कारण अट्रॅक्टा ही हॉस्पिसची घरोघर फिरणारी नर्स. जो आजार आता बरा होणार नाही, त्यातलं दुखणं, मळमळ, धाप, झोप आणि धास्ती यांचा बंदोबस्त करणं हे तिचं काम. डॉक्टर लोक त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. गाव नुसतं म्हणे, "अट्रॅक्टा येऊन गेली." मग ऐकणारा छातीवर क्रूस काढी आणि हॅम आणायला दुकानाची वाट धरी.

एकोणीस वर्षं ती गावाला समजावत होती, की बाबांनो, माझे पेशंट महिनोन् महिने जगतात, भांडतात, एकीने तर माझ्या देखरेखीखाली जावयाला घराबाहेर काढलं. गाव मान डोलवी आणि ब्रेडला लोणी लावायला घेई. एकदा टान्सी म्हाताऱ्याच्या फाटकासमोर तिचं चाक पंक्चर झालं. चाक बदलायला चाळीस मिनिटं लागली. टान्सी तेव्हा छपरावर कौलं बसवत होता. तासाभरात त्याच्या मुलाचा बॉस्टनहून फोन आला आणि मुलगा हुंदके देत म्हणाला, "डॅडी, माझं चुकलं." टान्सीला बिचाऱ्याला काय चुकलं तेही माहीत नव्हतं, पण त्याने माफ करून टाकलं. तेव्हापासून अट्रॅक्टा अंडी आणायलासुद्धा पायी जाई.

तिचं लग्नही या गाडीनेच मोडलं. शाळेतल्या एका मास्तरांशी जमत आलं होतं. तीन रविवार गाडी मास्तरांच्या घरासमोर उभी राहिली. चौथ्या रविवारी मास्तरांच्या आईने आपण होऊन फादरांना बोलावलं आणि मरणाऱ्याच्या कपाळाला लावतात ते शेवटचं तेल लावून घेतलं. म्हातारी त्यानंतर अकरा वर्षं जगली. लग्न मात्र जागच्या जागी गेलं. अट्रॅक्टाने याचं फार दुःख केलं नाही. मास्तर चहा पिताना आवाज करत, असं ती नंतर म्हणे.

तर ऑक्टोबरच्या एका मंगळवारी शहरातल्या हॉस्पिटलातून तिच्याकडे नव्या पेशंटची चिठ्ठी आली. जार्लथ टनी, वय शहात्तर, अविवाहित, पंधरा मेंढ्या, पोटातला कर्करोग आता हाडांत पोचलेला. ती त्याच्या घरी गेली. मागचं दार चार बोटं उघडलं आणि फटीतून एक डोळा दिसला.

"गाडी कुठे लावलीस?"

"फाटकाशी."

"आधी ती हलव. आजाराचं मागून बोलू."

"जार्लथ, तुम्हाला दुखतंय का?"

"दुखतंय ते माझ्या घरात दुखतंय. गाडी रस्त्यावर आहे."

बऱ्याच घासाघिशीनंतर खरं कारण बाहेर आलं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी गावच्या सभागृहात पत्त्यांची स्पर्धा असते. खेळ पंचेचाळीसचा. बक्षीस म्हणजे नाताळची टर्की आणि भिंतीवरच्या फळीवर नाव. जार्लथ सहा वेळा अंतिम डावात पोचला होता आणि सहाही वेळा शेजारच्या मॅलकी हेशनकडून हरला होता. ही स्पर्धा त्याची शेवटची, हे त्याला हॉस्पिटलने वेगळं सांगायची गरज नव्हती.

"मग खेळा की," अट्रॅक्टा म्हणाली. "मी आडवी येत नाही."

"तू येत नाहीस गं पोरी, तुझी गाडी येते. लोकांना कळलं की मी चाललो, तर मला जिंकू देतील." म्हाताऱ्याने दार आणखी एक बोट उघडलं. "मागे ओवेन स्वीनी मरणाला टेकला, तेव्हा त्याच्या भोपळ्याला प्रदर्शनात पहिलं बक्षीस दिलं. मी तो भोपळा बघितला होता. ओवेनच्या आधी भोपळा गेलेला होता. मला दयेची टर्की नको."

अट्रॅक्टा त्र्याहत्तर पायऱ्यांवरून, दोन शेतांपलीकडून आणि एका बैलाशेजारून पेशंटकडे पोचलेली बाई. गाडी कुठे लावायची, ही अडचण तिला किरकोळ वाटली. जार्लथच्या घराच्या खालच्या अंगाला, अर्ध्या मैलावर मॅलकीचं घर होतं. त्याच्या भिंतीलगत ऐसपैस जागा होती आणि तिथून शेताच्या कडेने एक पायवाट थेट जार्लथच्या मागच्या दारी निघे. रस्त्यावरून ती दिसत नसे.

मॅलकी सत्त्याहत्तर वर्षांचा, बायको वारलेली, प्रकृती घोड्याची. "गुडघ्यांसाठी चालायला सांगितलंय," अट्रॅक्टा त्याला म्हणाली. "गाडी इथे ठेवली तर चालेल का?"

"ठेव की. जागा काय मी बरोबर घेऊन जाणार आहे?" मॅलकी म्हणाला. हे वाक्य रस्त्याने जाणाऱ्या दोघांनी ऐकलं, आणि तिथेच त्याचं भवितव्य ठरलं.

एकोणीस वर्षं चाकगुण भोगलेल्या बाईच्या हे ध्यानात यायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात तेव्हा दुसरीच काळजी होती. जार्लथ मॉर्फिन घ्यायला तयार नव्हता.

"त्याने डोकं जड होतं. पंचेचाळीसमध्ये पडलेलं प्रत्येक पान ध्यानात ठेवावं लागतं."

"दुखत असताना राहतं ध्यानात?"

"नाही. पण ते माझं मी विसरतो. औषधामुळे विसरणं म्हणजे फसवणूक."

अट्रॅक्टाने वाद घातला नाही. "पानं किती ध्यानात राहतात ते खेळूनच बघू," म्हणत तिने गोळी दिली, चुलीवर किटली ठेवली आणि पुढच्या खेपेला, औषध अंगात मुरल्यावर, पिशवीतून पत्त्यांचा जोड काढला. पहिल्या दिवशी जार्लथ दोन डाव जिंकला आणि तिसऱ्याला पेंगला. तिने मात्रा थोडी कमी केली, वेळ बदलली, वहीत टिपलं. आठवड्याने तो पाचपैकी चार डाव जिंकला आणि वर म्हणाला, "किलवरची राणी तू मघाशी का अडवून धरलीस? मूर्खपणा होता तो." अट्रॅक्टाने वहीत लिहिलं: डोकं साफ, वेदना दहात दोन, स्वभाव पूर्ववत. नोव्हेंबर संपेपर्यंत तिला नेमकं कळलं होतं, की दुपारी बाराची गोळी आणि अडीच वाजता चमचाभर सिरप एवढ्यावर हा माणूस लाकडी खुर्चीत तीन तास ताठ बसू शकतो. माणसाला सुखाने मरू देणं हे आपलं काम, असं लोक समजतात. तिच्या लेखी ते काम लाकडी खुर्चीत बसवण्याचं होतं.

याच सुमारास मुख्य कचेरीतून एक फॉर्म आला. जगभरात ही सेवा कुठे किती मिळते, याची कुणीतरी मोजणी करत होतं. वेदनाशामक औषध पेशंटपासून किती दिवसांच्या वाटेवर आहे? पर्याय: एक, दोन, तीन, मिळत नाही. अट्रॅक्टा त्या चौथ्या पर्यायाकडे बराच वेळ बघत बसली. कुठेतरी कुणी नर्स त्याच्यावर खूण करत असणार. आपल्या पिशवीत औषध आहे, डॉक्टर फोनवर आहे, रस्ता डांबरी आहे. मग एकतिसावा प्रश्न आला. सेवा पोचण्यातला मुख्य अडथळा कोणता: औषध, डॉक्टर, रस्ता, कायदा, इतर. तिने इतरवर खूण केली आणि पुढच्या रेघेवर पक्क्या शाईने लिहिलं, "शेजारी."

कारण एव्हाना मॅलकीचं प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

पहिला टार्ट आला तेव्हा मॅलकीने विचारलं नाही. बायको गेल्यापासून नऊ वर्षांत त्याच्या घरात टार्ट शिरला नव्हता, आणि आलेल्या लक्ष्मीला नाव-गाव विचारणाऱ्यांपैकी तो नव्हता. सहावा टार्ट आल्यावर त्याने आरशात पाहिलं. गावात चार विधवा होत्या. त्या आता आपल्याकडे नव्या नजरेने बघू लागल्या आहेत, असा त्याने सरळ अर्थ लावला, रोज दाढी करू लागला आणि नवी टोपी घेतली. कार्डंही येत होती, पांढरी लिली आणि मेरीमातेची चित्रं असलेली. त्याचा चष्मा फुटला होता. यंदा लोकांनी नाताळची कार्डं फार लवकर धाडली म्हणत त्याने ती चुलीवरच्या फळीवर ओळीने मांडली. भेटायला येणारे ती रांग बघत आणि छातीवर क्रूस काढत.

"कसा आहेस मॅलकी?" ते दबक्या आवाजात विचारत.

"झकास," मॅलकी म्हणे. "उलट आताच कुठे सुरुवात होतेय."

बाहेर पडल्यावर लोक म्हणत, श्रद्धा असावी तर अशी.

दुकान आणि पोस्ट दोन्ही चालवणारी डिंपना फीनी हे गावाचं बातमीकेंद्र. तिने अट्रॅक्टाला गल्ल्यापाशी गाठलं.

"मॅलकीचं कसं काय?"

"मी कुणाबद्दल बोलत नाही, डिंपना. तुला माहीत आहे."

"तेच म्हणते मी. बोलण्यासारखं राहिलं नसणार."

"मी काहीच म्हटलेलं नाही."

"तुझा चेहरा म्हणतोय ना. त्याला हॅम चालतं का अजून, की पातळ काहीतरी पाठवू?"

अट्रॅक्टाची जीभ शिवशिवली. पण मॅलकी माझा पेशंट नाही, एवढं जरी म्हटलं असतं, तरी त्या पायवाटेवर दुसरं घर एकच होतं आणि डिंपना ते पाव किलो बटर तोलता तोलता ओळखू शकली असती. तिने पैसे ठेवले आणि बाहेर पडली. पुढच्या मंगळवारी तिने गाडी चर्चच्या आवारात लावून पाहिली. गुरुवारी फादर काहाल यांच्या दारात दोन टार्ट आले, आणि शुक्रवारी फादर घाबरून रक्तदाब तपासायला शहरात गेले. गाडी मुकाट्याने मॅलकीच्या भिंतीशी परतली.

तिने हे जार्लथला सांगितलं, तेव्हा तो इतका हसला की तिला सिरपची बाटली काढावी लागली. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याचं दुखणं हसण्यापायी उठलं होतं. "टोपी घेतली? नवी?" तो डोळे पुसत विचारत राहिला. मग एकदम थांबला.

"म्हणजे यंदा त्याला जिंकू देतील."

अट्रॅक्टाने बाटलीचं झाकण लावलं.

"गाव त्याच्यापुढे पानं टाकत जाणार. आणि तो मरत नाहीये म्हणून मी ओरडलो, तर विचारतील, मग कोण मरतंय?"

"खरं सांगून टाका. स्पर्धेपेक्षा झोप महत्त्वाची."

"रविवार संपू दे," जार्लथ म्हणाला. "पानं वाट."

रविवारी तीन वाजता सभागृह भरलं. अट्रॅक्टा स्वयंपाकघराच्या दारात चहाच्या मोठ्या भांड्याआड बसली, कारण ती ज्याच्याशेजारी बसे त्याच्याकडे लोक कणवेने बघत. स्वेटरच्या खिशात छोटी बाटली होती. जार्लथ उशी काखोटीला मारून आला. "मूळव्याध," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

आणि त्याला वाटलं होतं तसंच झालं. मॅलकीसमोर बसलेला प्रत्येक जण आपण होऊन हरला. डिंपनाने हातात हुकमाचा गुलाम असताना चौकटची सत्ती टाकली आणि डोळे टिपले. फादर काहाल आयुष्यात एकदाच पत्त्यांत खोटं बोलले ते त्या दिवशी. मॅलकी एकामागून एक डाव घेत सुटला. उतारवयात आपली बुद्धी पिकली, याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता, आणि तो बघून बायका एकमेकींना सांगत होत्या, "बघ कसा फुललाय. जायच्या आधी असं होतं."

दुसऱ्या बाजूने जार्लथ मात्र घाम गाळून, एकेक पान ध्यानात ठेवून वर चढला. त्याला कुणी काही दिलं नाही. अंतिम डावाला दोघे समोरासमोर आले, सातव्यांदा. भोवती गाव उभं राहिलं. चाळीस आणि चाळीस असे गुण झाले. आता जो एक हात घेईल त्याची टर्की.

बदाम हुकूम होता. मॅलकीची उतारी. त्याने हुकमाचा गुलाम उचलला आणि तिथल्या रीतीप्रमाणे मुठीसकट टेबलावर असा आदळला की कपबशा वाजल्या. गावाने समाधानाचा सुस्कारा टाकला. या खेळात हुकमाच्या गुलामावर चढणारं पान सबंध जोडात एकच, हुकमाची पंजी.

ती जार्लथच्या हातात होती. त्याच्या मागे उभ्या असलेल्या पाच-सहा जणांना ती दिसत होती, त्यात डिंपनाही होती. आणि पंचेचाळीसचा नियम असा, की पंजीवाल्यावर ती टाकायची सक्ती नसते. तो ती दाबून ठेवून दुसरं पान टाकू शकतो. कुणाला कळतही नाही.

"जार्लथ," डिंपना त्याच्या कानाशी पुटपुटली, "नको रे. माणुसकी बघ."

फादर काहाल खाकरले.

जार्लथने सगळ्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग त्याने पंजी उचलली, हात खांद्याच्या वर नेला आणि टेबलावर हाणला. अट्रॅक्टाला चहाच्या भांड्याआडून त्याचा डावा हात दिसला. खुर्चीची कड धरून तो पांढरा पडला होता. ती उठली नाही. तिने मनात तीसपर्यंत आकडे मोजले. सव्वीसला त्याचा श्वास परत आला.



"दुसरं पान नव्हतं तुझ्याकडे?" डिंपनाने विचारलं.

"होतं की."

"मग?"

"मग काय? पंजी होती."

"निर्लज्ज," मागून कुणीतरी म्हणालं. "मेल्यावर देवाला काय तोंड दाखवणार?"

फादरांनी त्याला टर्की दिली ती कोर्टाचं समन्स द्यावं तशी. टाळी कुणी वाजवली नाही. शेकहँडला हात पुढे करणारा एकटा मॅलकी, तोही तोंड लालबुंद करून, "भामट्या, पुढच्या वर्षी बघतो" असं म्हणत. जार्लथचा चेहरा त्या सगळ्या तिरस्कारात असा उजळला होता, जसा लहान मुलाचा वाढदिवसाला उजळतो. शंभर माणसं त्याच्यावर मनापासून चिडली होती. मरणाऱ्या माणसाच्या वाट्याला इतका चोख राग सहसा येत नाही.

टर्की नऊ किलोची होती. त्याने ती उचलायला घेतली, परत खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अट्रॅक्टा, मला घरी सोडतेस का? आणि गाडी फाटकाशीच लाव. उद्यापण. रोज."

 अट्रॅक्टा पुढे झाली, एका हातात टर्की आणि दुसऱ्या हातात त्याचा दंड धरून निघाली.

"मी मागे बघणार नाही," तो दारात म्हणाला. "कशी झालीत तोंडं?"

"डिंपना किटली धरून उभी आहे. चहा फादरांच्या बुटात चाललाय."

"छान," जार्लथ म्हणाला.

दोघे गेल्यावर जे झालं ते अट्रॅक्टाला नंतर कळलं. सगळं गाव मॅलकीकडे वळलं. "म्हणजे तू मरत नाहीस?" डिंपनाने विचारलं, त्यात तक्रारीचा सूर होता. "कोण म्हणालं मी मरतोय?" मॅलकी म्हणाला. "मग टार्ट?" कुणीतरी विचारलं. मॅलकीने चार विधवांकडे आळीपाळीने पाहिलं आणि नवी टोपी काढून खिशात घातली.

सोमवारी सकाळपासून लिंबाच्या रंगाची गाडी जार्लथच्या फाटकासमोर, भर रस्त्यावर उभी होती. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. गावात लोणी होतं, हॅम होतं, पण तोंड नव्हतं. बाराच्या सुमाराला मागचं दार ढकलून मॅलकी आत आला, हातात पिशवी. त्याने प्रार्थनेची चौदा कार्डं टेबलावर मांडली. प्रत्येकावर "मॅलकी" खोडून "जार्लथ" लिहिलं होतं. मग कागदात गुंडाळलेला टार्ट काढला.

"तुझं सामान आहे. चुकीच्या पत्त्यावर येत होतं."

जार्लथने कागद उघडला. "हा अर्धाच आहे."

"उरलेला टपालखर्च."

 मॅलकीने खुर्ची ओढली, दुसऱ्या खिशातून पत्ते काढले आणि पिसायला लागला. पिसता पिसता त्याची पानं दोनदा सांडली.

"मला जिंकू देणार असशील तर आत्ताच ऊठ," जार्लथ म्हणाला.

"तुला? माझी टर्की गेलीय. काप."

अट्रॅक्टा खिडकीशी तो फॉर्म पुरा करत बसली होती. शुक्रवारपर्यंत पाठवायचा होता. एकतिसाव्या प्रश्नापुढचा "शेजारी" हा शब्द तिने खोडायला घेतला, मग राहू दिला; शाई पक्की होती, आणि तो खोटाही नव्हता. बत्तिसावा प्रश्न रिकामा होता: प्रशिक्षित कर्मचाऱ्यांव्यतिरिक्त घरी रुग्णाची देखभाल प्रत्यक्षात कोण करते? बाहेर फाटक वाजलं. डिंपना येत होती, मान खाली, दोन्ही हातांत ताट. तिच्यामागे आणखी दोघी होत्या. टेबलावर मॅलकीची मूठ आदळली आणि जार्लथ त्याला लबाड म्हणाला.

अट्रॅक्टाने लिहिलं, "वरीलप्रमाणे." मग ती किटली ठेवायला उठली.